हेराल्ड आणि रोडगे

"काका, गाडी इतकी चांगली आहे, तर तुमी विकून काहून राहिले?"

प्रश्न विचारून झाला आणि जठारपेठेतल्या त्या बैठकीत एकदम इतकी शांतता पसरली, की वरचा पंखा कुरकुरतो हे सगळ्यांना पहिल्यांदाच कळलं. दीक्षाच्या आईने, रश्मीने, बशीतला शिरा चमच्याने उगाच थापून सपाट केला. बाबांनी आपल्या पोरीकडे पाहिलं. ती नजर दीक्षाच्या लहानपणापासून ओळखीची होती. तिचा अर्थ 'घरी चल, मग पाहतो'. पण घर होतं अमरावतीला आणि हे होतं अकोला, म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी तिला धोका नव्हता.

खरं तर हा प्रश्न तिचा एकटीचा नव्हता. शुक्रवारी मधल्या सुट्टीत श्रावणी आणि पायल या दोघींनी तो तिच्या गळ्यात बांधला होता. वक्तृत्व स्पर्धेत जिल्ह्यात दुसरी आल्यापासून दीक्षाला कुणाची म्हणून भीती वाटेनाशी झाली होती. मुख्याध्यापकांना जिन्यात गाठून ती नववी 'ब'चा पंखा कधी दुरुस्त होणार ते विचारायची. पायलला हे सगळं जरा जास्तच होत चाललंय असं वाटत होतं.

"माईकसमोर कोणीबी बोलते," पायल म्हणाली होती. "त्या वकिलाच्या सोफ्यावर बसून, त्याचाच चहा पिता पिता विचारून दाखव."

"नाई विचारणार ही," श्रावणीने पुस्ती जोडली. "ते शिरा देतील अन् ही खात बसन."

पैज लागली राजकमल चौकातल्या गिल्या वड्याची. तर आता दीक्षाने पैज जिंकली होती, पण उत्तर काही आलं नव्हतं.

नारायणराव वकील सत्तरीच्या उंबरठ्यावरचे, गोरेपान, हसरे. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण प्रश्न अंगावर आला की तो अलगद बाजूला सरकवायची सवय सुटली नव्हती. ते मनापासून हसले.

"वा. तायडेसाहेब, ही पोरगी वकील होणार बरं का. पहिलाच प्रश्न उलटतपासणीचा. विमल, हिला शिरा वाढ अजून."

विमलकाकू आतून भांडं घेऊनच आल्या. दीक्षा नको नको म्हणेपर्यंत बशीत दुसरा डोंगर उभा राहिला. श्रावणीने सांगितलं होतं तेच झालं, फक्त क्रम बदलून.

---

तायडेंच्या घरात गाडी नव्हती, पण 'गाडीचे' होते. म्हणजे गाडीचे पैसे. ते पतसंस्थेत असायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखा त्यांचा सगळीकडे मान ठेवावा लागायचा. उन्हाळ्यात कुठे जायचं म्हटलं की बाबा म्हणायचे, "गाडीचे आहेत, त्याले हात नाही लावायचा," आणि मग सहल व्हायची सेमाडोहपर्यंत, तीही बाबांच्या मित्राच्या जीपमध्ये, मागे बसून. नवा कूलर घ्यायचा म्हटलं की तेच. जुन्या कूलरला दर मार्चमध्ये नवं वाळं लागायचं, एम-सील लागायचं, त्याच्या पंख्याला शेजारच्या मिस्तरीचे हात लागायचे, आणि मे महिन्यात तो अशा आवाजाने चालायचा की टीव्हीतल्या बातम्या ओठांवरून वाचाव्या लागत. दीक्षाच्या स्पर्धेचं बक्षीससुद्धा 'गाडीचे'मध्ये गेलं. ते तिने स्वतःहून दिलं होतं, हेही सांगायला हवं, कारण गाडीचं वेड बापाइतकंच लेकीला होतं.

आणि गाडी म्हणजे कुठलीही नव्हे. स्टँडर्ड हेराल्ड, मद्रासला बनलेली, दोन दारांची. तिचं पक्कं छत काढून कुणीतरी हौसेने कापडी टप बसवलेला, मागे दुमडता येणारा. लाल. बाबा चौथीत असताना आपल्या वडिलांचं, म्हणजे पुंजाजी आजोबांचं बोट धरून कोर्टाच्या कामाने अकोल्यात एका वकिलाच्या घरी गेले होते, आणि तिथे अंगणात ही उभी होती, टप उघडा टाकून. आजोबांचं काम होईपर्यंत बाबा तिच्याकडे पाहत बसले होते. ही गोष्ट दीक्षाने इतक्यांदा ऐकली होती की बाबा कुठे थांबतात आणि कुठे उसासा सोडतात तेही तिला पाठ होतं.

"हिले स्पोर्ट्स कार म्हणतात?" आई दर वेळी विचारायची. "हिच्या पुढून तर एसटी निघून जाईन."

"जाऊ दे ना एसटी. एसटीले टप उघडता येते का?"

बाबांनी इतक्या वर्षांत बऱ्याच जुन्या गाड्या पाहिल्या. नागपूरला एक, यवतमाळला एक, बुलढाण्याला एक. प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन खाली आडवे झाले, लोहचुंबक लावून पुट्टी कुठे भरली ते शोधलं, आणि उठून शर्ट झटकत 'नाही' म्हणाले. ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात इंजिनिअर. त्यांचा जन्मच 'नाही' म्हणण्यात गेलेला. रपट्याच्या, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलाच्या, स्लॅबला रेघेएवढा तडा दिसला तरी ते बिल अडवून धरायचे. साइटवर ठेकेदाराचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. "ज्याचं काम तपासायचं, त्याच्या घरचं खायचं नाही," हे त्यांचं वाक्य अख्ख्या ऑफिसात प्रसिद्ध होतं. काही लोक त्यावरून हसायचेही.

गाडी पाहण्याची विद्या त्यांनीच दीक्षाला शिकवली होती. इंजिन थंड असताना सुरू करून पाहायचं, कारण गरम इंजिन कुणाचंही ऐकतं. रंग पाहायचा नाही, रंगाखालचं पाहायचं. दारं उघडून-लावून पाहायची, कारण दार खोटं बोलत नाही. आणि घाई करायची नाही. "घाईनं गाडी घेणारा अन् घाईनं लग्न करणारा, दोघंही शेवटी मिस्तरीच्याच दारात भेटतात," असं ते म्हणायचे, आणि आई म्हणायची, "तुमचा मिस्तरी कोणता, ते सांगा."

आणि मग जानेवारीत कळलं, की तीच हेराल्ड, अगदी तीच, त्याच अंगणातली, विकायला निघाली आहे. त्या दिवसापासून बाबा जेवताना मध्येच थांबून हसायचे.

---

शेड अंगणात होतं, पत्र्याचं. नारायणरावांनी वरची चादर ओढली.

दीक्षा आतापर्यंत मनात जे काही ठरवून आली होती ते सगळं त्या एका ओढीत गेलं. काय दिसत होती. लालभडक, नाकाला चंदेरी जाळी, मागे इवलेसे पंख फुटल्यासारखे कोपरे. टप दुमडलेला, सीटा बदामी. तिने डोळ्यांपुढे पाहिलं: आपण तिघं हिच्यात, परतवाड्याच्या रस्त्याने, टप उघडा, श्रावणी आणि पायल शाळेच्या फाटकाशी तोंड उघडं टाकून. तिने मोबाईल काढून फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'विचारला प्रश्न. वडे तयार ठेवा.'

मग तिने बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम होतं. उन्हाने नव्हे, शेडमध्ये ऊन नव्हतंच.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "इंजिन गरम आहे."

"हो तर," नारायणरावांनी ऐकलंच. "सकाळीच सुरू करून ठेवली तुमच्यासाठी. पाहुण्यांना काय थंड गाडी दाखवायची?"

माणूस लपवाछपवी करत असता तर दीक्षाला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. पण नारायणराव खरोखरच आदरातिथ्य करत होते. त्यांनी गाडीसुद्धा शिऱ्यासारखी गरम करून ठेवली होती.

कागदपत्रं वकिलाच्या घरची, तेव्हा चोख. आरसी, नूतनीकरण, विमा, सगळं एका फायलीत, टाचणीला टाचणी. बाबांनी ती पाहिली आणि मान डोलावली. मग पिशवीतून टॉर्च काढला, जुनं पोतं जमिनीवर अंथरलं. आता बाबा आडवे होणार, आता खरं काय ते कळणार. बाबांनी एक गुडघा टेकला.

"तायडेसाहेब," विमलकाकूंचा आवाज आला, "रोडगे निघाले. गार झाले की मजा नाही. आधी जेवून घ्या, गाडी कुठे पळते का."

बाबा उठले. टॉर्च पिशवीत गेला.

"बाबा, दोन मिनिटं लागतील," दीक्षा म्हणाली.

"लोक जेवायले बोलवून राहिले, अन् आपण गाडीखाली शिरायचं? शोभते का?"

"नागपूरले तर तुमी पाणीबी नव्हतं घेतलं."

"नागपूर वेगळं," बाबा म्हणाले आणि हात धुवायला निघाले. कसं वेगळं, ते सांगितलं नाही.

---

रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले. बाहेरून खरपूस, आत पदर सुटलेले. वांग्याची भाजी अशी तिखट की कान गरम व्हावेत, वर घट्ट वरण. डायनिंग टेबलावर पाच ताटं, बाबांचं नारायणरावांच्या शेजारी. विमलकाकू वाढत होत्या, आणि तुपाचं भांडं मात्र नारायणरावांनी स्वतःच्या हातात घेतलं.

"कुस्करा, कुस्करा. तुपाशिवाय रोडगा म्हणजे वकिलाशिवाय कोर्ट."

"बस, साहेब."

"बस कसलं. आमच्या घरी 'बस' असं कोणी म्हटलं, की आम्ही अजून दोन चमचे वाढतो." आणि त्यांनी वाढलं.

दीक्षाने पाहिलं, बाबा ताटाकडे पाहत होते. तूप रोडग्यात मुरत होतं आणि बाबांचा हात काही क्षण नुसताच ताटाच्या काठावर होता. साइटवर ठेकेदारांना घाम फोडणारा तिचा बाप तिथे एखाद्या शाळकरी पोरासारखा बसला होता, पाठ सरळ, कोपर अंगाशी. तिला ते बघवेना. तिला राग यायला लागला, आणि तो कुणावर आहे ते कळेना, म्हणून तो वांग्यावर निघाला.

"काका," ती म्हणाली, "ही गाडी शेवटची लांब कधी नेली होती?"

"दीक्षा, जेव," आई म्हणाली.

"विचारू द्या हो. लांब आता कुठली. गावातच. लग्नसराईत वरातीला द्यायचो ना आम्ही. अकोल्यातले निम्मे नवरदेव हिच्यातून गेलेत. वर टपावर नवरदेव बसायचा, दोन्ही बाजूंना करवल्या, पुढे दोन मामा, मागे डिकीवर चारपाच पोरं. आणि बँडच्या तालावर सगळे नाचायचे, गाडीतच."

"गाडीतच?"

"मग? वरात आहे ती, अंत्ययात्रा थोडीच आहे."

सगळे हसले. बाबाही हसले. दीक्षा मनात बेरीज करत होती: नवरदेव, करवल्या, मामा, पोरं. दोन दारांची गाडी. बाबांनी ही बेरीज कधीच केली असणार. पूल पाहणारा माणूस, किती वजन आलं की किती वाकतं हे त्याला न सांगता कळतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिसरा रोडगा कुस्करायला घेतला.

"आता देत नाही का वरातीला?" आईने विचारलं. आईच्या तोंडून आलेला तो दिवसातला पहिला कामाचा प्रश्न.

विमलकाकू वाढता वाढता भाबडेपणाने म्हणाल्या, "आता कोण घेतंय. दार नीट लागत नाही ना. मागच्या वर्षी त्या नवरीला शालू सावरत दारावरून चढवावं लागलं. तिची आई किती बोलली आम्हाला."

सकाळच्या प्रश्नाचं उत्तर असं ताटात येऊन पडलं, वरणाच्या वाटीशेजारी.

नारायणराव म्हणाले, "बिजागरीला तेल हवंय, एवढंच. तायडेसाहेब, भाजी घ्या." आणि बाबांनी भाजी घेतली.

---

जेवणानंतर पोटाला तड लागलेली सगळी मंडळी पुन्हा शेडमध्ये गेली. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बसताना त्यांनी स्टिअरिंगवर आधी एक बोट ठेवलं, मग दुसरं, मग पूर्ण हात. चौथीतल्या पोराने ठेवला असता तसा. दीक्षाचं अख्खं मन म्हणालं, घ्या बाबा, घेऊन टाका, काय व्हायचं ते होऊ दे.

नारायणराव शेजारच्या सीटवर बसले. बाबांनी दार ओढलं. दार आलं, चौकटीला टेकलं आणि थांबलं. बोटभर उघडं राहिलं. बाबांनी पुन्हा उघडलं, जोरात ओढलं. पुन्हा तेच. पलीकडचं दारही तसंच, तोंड उघडं टाकून.

"रोडगे जास्त झाले," नारायणराव म्हणाले आणि पोटावर हात फिरवून खो खो हसले. "तुमचे दोन, माझे तीन."

"काका, तुमी उतरा ना जरा," दीक्षा म्हणाली. "बाबा, तुमीबी."

दोघं उतरले. तिने दार लावलं. ते अगदी गोडीत लागलं, टक् करून.

"आता बसा."

दोघं बसले. दार लागेना.

तिने पोतं अंथरलं, बाबांच्या पिशवीतून टॉर्च काढला आणि स्वतःच आडवी झाली. ओढणी धुळीत, केस जमिनीवर, आईचं "अगं, अगं" कानावर. दाराच्या बरोबर खाली, चेसिसच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, आडव्या फाट्यावर, जाड काळं डांबर फासलेलं होतं, ताजं, अजून वास येणारं. तिने नखाने खरवडलं. डांबराबरोबर गंजाची खपली निघाली, पापडासारखी, आणि आत बोट गेलं. लोखंडात बोट जात नसतं, एवढं तिला नववीत असून कळत होतं.

ती उठली. खपली तिच्या तळहातावर होती. तिने ती बाबांसमोर धरली.

बाबांनी खपली पाहिली. नारायणरावांनीही पाहिली, आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदाच जरासा उतरला. "डांबर मीच लावून घेतलं," ते म्हणाले. "गंज धरू नये म्हणून. खाली कोण बघतंय एवढं. तायडेसाहेब, तुम्ही म्हणाल तसं. विसाराची घाई नाही, रविवारी या सावकाश."

आता, दीक्षाला वाटलं. आता बाबा म्हणतील. यवतमाळला म्हटलं होतं तसं, शर्ट झटकत, एका शब्दात.

बाबांनी शर्ट झटकला. "येतो ना, साहेब," ते म्हणाले. "रविवारी विसार घेऊन येतो."

---

परतीच्या एसटीत तिघं एकाच बाकावर, दीक्षा खिडकीशी, बाबा कडेला. आईच्या मांडीवर स्टीलचा मोठा डबा. निघताना विमलकाकूंनी उरलेले रोडगे भरून दिले होते, वरून भाजी, शेजारी तुपाची डबी, आणि डबा फडक्यात बांधून वर बजावलं होतं, "डबा आणा बरं का परत." आईने कितीदा नको म्हटलं. विमलकाकूंनी ऐकलं नाही. ते घर ऐकायचंच नाही कुणाचं.

बस मूर्तिजापूरच्या दिशेला लागली. मोबाईलवर पायलचा मेसेज येऊन पडला होता, 'काय म्हणाला वकील मग?' दीक्षाने तो उघडलाच नाही.

शेवटी तिच्याच्याने राहवेना. "बाबा, चेसिस बसली आहे तिची. वजन आलं की वाकते."

"हो."

"मंजे तुमाले माहीत होतं?"

"दार पाहिलं तेव्हाच. खरं सांगू, त्यांनी वरातीचं सांगितलं तेव्हाच." बाबा समोरच्या बाकाच्या दांडीकडे पाहून बोलत होते. "मी पूल पाहतो, बाई. मले समजणार नाही का?"

"मग बोलले काहून नाही?"

बाबांनी तिकिटांची घडी घालून ती खिशात ठेवली.

"यवतमाळले बोलले, नागपूरले बोलले, बुलढाण्याच्या त्या मामाले तर त्याच्या तोंडावर म्हटलं, भंगारात द्या म्हणून. अन् इथं विसार घेऊन येतो म्हणता? तुमी ठेकेदाराचा चहा घेत नाही अन् इथं तीन रोडगे..."

"दोन," बाबा म्हणाले.

"तीन. मी मोजले."

आईने खिडकीबाहेर तोंड फिरवलं, हसू आलं म्हणून की रडू, कळलं नाही.

"तुले गोष्ट अर्धी माहीत आहे," बाबा म्हणाले. "गाडीची." आणि मग त्यांनी ती पुढची अर्धी सांगितली, आवाज न बदलता, जसा साइटचा अहवाल सांगावा. आजोबांचं काम होईपर्यंत तिथे बसले होते ते ओट्यावर नव्हे, ओट्याच्या खाली, अंगणात. ऊन होतं. पाणी मागितलं. आतून एक म्हातारी बाई आली, या नारायणरावांची आई असावी. भांडं हातात दिलं नाही. ओंजळ धरायला लावली आणि वरून ओतलं, धार उंच धरून. निम्मं सांडलं. "मी ओंजळ चाटली," बाबा म्हणाले. "अन् समोर ती गाडी. मी हात पुसून तिच्याजवळ गेलो, तर मुनशी ओरडला, दूर हो. तुझे आजोबा काही बोलले नाही. त्यांचं काम होतं ना तिथं."

एसटी एका खड्ड्यातून गेली. डबा वाजला.

"अन् आज त्याच घरात, टेबलावर, त्यांनी स्वतःच्या हातानं तूप वाढलं मले. आता त्या माणसाले कसं म्हणू, तुमची गाडी सडली म्हणून?"

दीक्षाला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही होतं, पण त्याहून जास्त चीड येत होती. त्या म्हातारीची, मुनशीची, डांबराची, आणि सगळ्यांत जास्त बाबांच्या त्या सरळ पाठीची.

"त्याईले माहीत आहे का हे?" तिने विचारलं.

"कायले माहीत राहीन. असे कितीक आले असतील."

"मग त्याईनं तूप वाढलं ते काही उपकार नाही केले, बाबा. पाहुण्याले वाढतात तसं वाढलं. अन् पाहुणा गाडी पाहायले आला होता."

"चेसिस नवी टाकता येते," बाबा म्हणाले, पण त्यात जोर नव्हता. "कोईमतूरले मिळते म्हणतात."

"मग तेवढे कमी करा म्हणून सांगान का त्याईले?"

बाबा सांगणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मले काय वाटत होतं," बाबा म्हणाले, "ती गाडी त्याच अंगणातून बाहेर काढायची. मी चालवत. टप उघडा टाकून. फाटकातून निघायचं, बस. मग ती पुढच्या चौकात बंद पडली असती तरी चाललं असतं मले."

"मले नसतं चाललं," आई म्हणाली. तिचा आवाज शांत होता, आणि ती शांत बोलते तेव्हा घरात सगळे ऐकतात. "तुमी पाणी प्यायलं ओंजळीनं, ते मी कधी विसरायले सांगणार नाही. पण मीही इतके उन्हाळे त्या फुटक्या कूलरसमोर बसले. पोरीनं बक्षीस दिलं. ते चौकापर्यंत जायले नाही दिलं."

बाबांनी मान खाली घातली. दीक्षा डोळ्यांपुढे ती लाल गाडी आणत होती, परतवाड्याच्या रस्त्यावर, आणि दर वेळी तिचं दार बोटभर उघडं राहत होतं. तिला ती गाडी हवी होती. आत्तासुद्धा. टक् करून दार लागलं असतं ना, तर तिनेच बाबांना म्हटलं असतं, चला, आत्ताच विसार द्या.

बडनेरा आलं. लोक उतरले, शेंगदाणेवाला चढला आणि उतरला. आई डब्याचं फडकं उगाच सोडून पुन्हा बांधत होती.

"हा डबा तर द्यावाच लागन परत," आई पुटपुटली. "अन् रिकामा कसा द्यायचा? काहीतरी भरून द्या लागन. मंजे जाणं आलंच रविवारी."

"तेच तर," बाबा म्हणाले. "गेलो की विसार..."

दीक्षाने आईच्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. अजून कोमट होता.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. एरवी ती अशी सुरुवात स्पर्धेत करायची, पण आता आवाज चढवला नाही. समोरच्या बाकावरच्या आजीने तरीही मान वळवली. "डबा मी परत देईन. रविवारी. शेंदूरजनाघाटची संत्री भरून, वरपर्यंत, झाकण लागणार नाही इतकी. तुमी दोघं या संग, नाही आले तरी चालन. विमलकाकूंच्या पाया पडीन, रोडगे मस्त होते म्हणून सांगीन, ते खरंच होते. अन् गाडी आपण घेऊन नाही राहिलो, हे काकाले मी सांगणार, तुमी नाही. दार लागत नाही म्हणून. बाकी काही नाही."

"अन् त्यांनी जेवायले बसवलं तर?" बाबांनी विचारलं.

"आपण घरून जेवून निघायचं," दीक्षा म्हणाली. "तुमी साइटवर जाता तसं."